जेमी मॉयर, त्या तीन शून्यांबद्दल

प्रिय जेमी मॉयर यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात घर बदलताना बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात रेघी वहीचा कागद सापडला. वर मुलाच्या अक्षरात 'नॉरफोक' लिहिलेलं. २०१२ च्या उन्हाळ्यात मी त्याला रोज पानभर देवनागरी लिहायला लावत असे, त्यामुळे अक्षर वेडंवाकडं पण मराठी. खाली तीन ओळी, चार रकाने: इनिंग, धावा, स्ट्राइकआउट, वॉक. शेवटच्या रकान्यात एकाखाली एक ०, ०, ०. त्या तीन शून्यांभोवती लाल पेन्सिलीने गोल काढलेले.

तो कागद घेऊन मी खोक्यांच्या मधेच जमिनीवर बसले, आणि चौदा वर्षं लिहायचं राहिलेलं हे पत्र आता लिहायचंच असं ठरवलं. तुम्ही अमेरिकेतले बेसबॉलपटू, मराठी तुम्हाला वाचता येत नाही, पण तुमच्याविषयी आमच्या घरात जे काही बोललं गेलं ते सगळं मराठीतच. मुलासाठी तुम्ही कायम 'मॉयरकाका' होतात.

तुमची ओळख घरात आणली ती माझ्या नवऱ्याने. नाशिकला गोल्फ क्लबच्या मैदानावर तो डावखुरी फिरकी टाकायचा. १९९९ साली नोकरीनिमित्त सिअ‍ॅटलला आला, त्याच जुलैमध्ये तिथल्या मरिनर्स या बेसबॉल संघाचं नवं मैदान, सेफको फील्ड, उघडलं आणि त्यावरचा पहिला चेंडू तुम्ही टाकलात. त्याला बेसबॉलचं ओ की ठो कळत नव्हतं. पण डावखुरा, हळू टाकणारा, फलंदाजाला वाट बघायला लावणारा माणूस त्याला लगेच कळला. बाकीचे पिचर, म्हणजे बेसबॉलचे गोलंदाज, ताशी नव्वद मैलांच्या वर फेकतात, तुमचा चेंडू ऐंशीच्या आसपास, म्हणजे क्रिकेटमधल्या मध्यमगती गोलंदाजासारखा. आणि चेंजअप तर त्याहून हळू. हाताची फेक तीच, वेग मात्र कमी, आणि बॅट आधीच फिरून गेलेली. "अरे, हा तर आपल्यातला आहे," तो म्हणायचा. २००१ साली मरिनर्सनी ११६ सामने जिंकले, त्यातले २० तुमच्या नावावर. त्याच वर्षी आमचा मुलगा झाला. तुम्ही पुढे फिलाडेल्फियाला गेलात, तिथल्या संघाबरोबर २००८ ची वर्ल्ड सिरीज, म्हणजे वर्षाची अंतिम मालिका, जिंकलीत, तरी आमच्याकडे तुमचे सामने चालूच राहिले.

२०१० च्या जुलैत तुमचं कोपर गेलं. हिवाळ्यात तुम्ही डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये खेळून पाहिलंत, तिथे ते पुन्हा दुखावलं, आणि डिसेंबरच्या पहिल्या तारखेला शस्त्रक्रिया झाली. नुकती ४८ वर्षं पूर्ण झाली होती तुम्हाला.

मराठी वाचकांसाठी इथे थोडं सांगते, कारण बेसबॉल न पाहणाऱ्याला या शस्त्रक्रियेचं मोल कळणार नाही. जोरात फेकताना कोपराच्या आतल्या बाजूच्या लिगामेंटवर, म्हणजे हाडांना जोडणाऱ्या पट्ट्यावर, प्रचंड ताण येतो. ते तुटलं की पूर्वी पिचरची कारकीर्द संपायची. १९७४ साली डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या डावखुऱ्या पिचरच्या उजव्या हातातली एक कंडरा काढली, डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडली आणि त्यांतून ती आठच्या आकड्यासारखी ओवून बसवली. (करंगळी अंगठ्याला टेकवून मनगट किंचित वाकवलं की मधोमध दोरीसारखं जे वर येतं, ती ही कंडरा. काहींना ती जन्मतःच नसते, आणि त्यांचं त्यावाचून काही अडत नाही.) डॉक्टरांनी स्वतःच यशाची शक्यता शंभरात एक सांगितली होती. टॉमी जॉन १९७६ मध्ये परत आला आणि आणखी १६४ सामने जिंकला. शस्त्रक्रियेला त्याचंच नाव पडलं. कंडरेला लिगामेंटचं काम शिकायला वर्षभर तरी लागतं. आधी हात नुसता सरळ करायचा, मग काही महिन्यांनी चेंडू हातात घेऊन चाळीस-पंचेचाळीस फुटांवरून अलगद फेकायचा, मग अंतर थोडं थोडं वाढवायचं. टॉमी जॉन तेव्हा एकतीस वर्षांचा होता. तुम्ही ४८.

ती बातमी वाचून माझा नवरा म्हणाला, "आता पुरे. या वयात कोपर शिवून घेऊन काय फेकणार?" तुमच्यावर जीव असलेला माणूस हे बोलला, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलं.

पुढच्या फेब्रुवारीत तो गेला. सकाळी कामावर गेला आणि दुपारी इस्पितळातून फोन आला. मुलगा दहा वर्षांचा होता.

आम्ही नाशिकला गेलो, रामकुंडावर अस्थी सोडल्या, परत आलो. सगळ्यांनी एकच सल्ला दिला: पोरासमोर विषय काढू नकोस, मुलं विसरतात. सल्ला मायेपोटी होता, आणि मी तो पाळला. मुलगाही पाळत होता. दोघंही एकमेकांना जपत एकाच घरात गप्प राहत होतो. शाळेतून बोलावणं आलं तेव्हा कळलं की वर्गात 'माझं कुटुंब' म्हणून लिहायला दिलं होतं आणि त्याने कोरा कागद दिला होता.

शाळेतल्याच एका बाईंनी मला कॅम्प एरिनबद्दल सांगितलं. तुमचं नाव वाचून मी थबकले. एरिन नावाची मुलगी यकृताच्या कर्करोगाने सतराव्या वर्षी गेली. स्वतः आजारी असताना तिला काळजी होती ती आपल्या बहिणींची. तुम्ही आणि कॅरन मॉयर यांनी तिच्या नावाने २००२ साली, सिअ‍ॅटलपासून जवळच एव्हरेटला, घरातलं माणूस गमावलेल्या मुलांसाठी हे शिबिर सुरू केलंत. सहा ते सतरा वयाची मुलं, शुक्रवार ते रविवार, एक पैसाही न घेता. आम्ही तुम्हाला दहा वर्षं टीव्हीवर पाहत होतो, आणि हे आम्हाला ठाऊकही नव्हतं.

मुलगा जायला तयार नव्हता. मी त्याला जवळजवळ ढकललंच. बसमध्ये बसताना त्याने मागे वळूनही पाहिलं नाही, आणि दोन रात्री मला झोप लागली नाही.

रविवारी आल्यावर त्याने गाडीत पट्टा लावता लावता सांगितलं: पहिल्या संध्याकाळी सगळ्यांनी आपापल्या माणसाचा फोटो फळ्यावर लावला आणि कोण होतं ते सांगितलं. "मी सांगितलं, धिस इज माय बाबा, ही डाइड. कुणी काहीच म्हणालं नाही, आई. सगळ्यांचंच कोणी ना कोणी गेलं होतं." दुसऱ्या रात्री प्रत्येकाने स्वतः रंगवलेला दिवा लावला. त्याच्या दिव्यावर क्रिकेटची बॅट होती. "आपण रामकुंडावर केलं तसंच," तो म्हणाला, "पण इथे मला कोणी मागे उभं नाही केलं."

हे ऐकून मला गाडी बाजूला घ्यावी लागली. रामकुंडावर लहान आहे म्हणून त्याला काकांजवळ मागे उभं केलं होतं. मीच सांगितलं होतं तसं.

हे पहिलं ऋण. याबद्दल कॅरन यांचेही आभार, आणि त्या दोन दिवसांत माझ्या मुलाशेजारी बसून राहिलेल्या, नाव माहीत नसलेल्या त्या स्वयंसेवक मुलाचेही.

दुसरं ऋण त्या कागदावरचं.

२०१२ च्या वसंतात कोलोरॅडो रॉकीजनी तुम्हाला मायनर लीगच्या, म्हणजे खालच्या स्तरावरच्या, करारावर सरावाला बोलावलं, आणि तुम्ही मुख्य संघात जागा मिळवलीत. १७ एप्रिलला डेन्व्हरमध्ये सॅन डिएगो पाद्रेजविरुद्ध नऊपैकी सात इनिंग फेकलीत, रॉकीज ५-३ ने जिंकले. वय ४९ वर्षं १५१ दिवस. मेजर लीगमध्ये, म्हणजे सर्वांत वरच्या स्तरावर, सामना जिंकणारा सर्वांत वयस्क पिचर. १९३२ पासून जॅक क्विनच्या नावावर असलेला विक्रम तुम्ही मोडलात. सामना संपला तेव्हा मुलगा सोफ्यावर उभा राहून ओरडला, "बाबाचं चुकलं! आई, बाबाचं चुकलं!" आणि हसत सुटला. चौदा महिन्यांत बाबाचं नाव पहिल्यांदाच हसत घेतलं गेलं आमच्या घरात. मग मीही हसले. मग दोघं रडलो. त्या रात्री त्याने बाबाच्या किती गोष्टी विचारल्या! फिरकी कशी टाकायचा, पडायचा का, रागवायचा का.

त्या विक्रमाबद्दल सगळ्या जगाने तुमचं अभिनंदन केलं आहे. मला आभार मानायचे आहेत ते त्यानंतरच्या जूनबद्दल.

मेअखेर रॉकीजनी तुम्हाला संघातून काढलं. दोन विजय, पाच पराभव. विक्रम झाला होता, वर्ल्ड सिरीज जिंकून झाली होती, २६९ विजय नावावर होते. घरी गेला असतात तर कोणी काही म्हटलं नसतं. तुम्ही व्हर्जिनियात नॉरफोकला गेलात. नॉरफोक टाइड्स हा बाल्टिमोर ओरिओल्सचा ट्रिपल-ए संघ, मेजर लीगच्या बरोबर एक पायरी खालचा. संघातली बरीच मुलं तुमच्या निम्म्या वयाची. कोणाला वर जायचं होतं, कोणी नुकताच खाली आलेला. त्यांच्यात एकोणपन्नास वर्षांचे तुम्ही, शिवलेलं कोपर घेऊन.

पूर्वेकडे संध्याकाळी सात म्हणजे आमच्याकडे दुपारचे चार. मुलगा शाळेतून येऊन कॉम्प्युटरवर रेडिओ लावायचा. मायनर लीगच्या सामन्याला टीव्हीवर कोण विचारतं? मी स्वयंपाकघरातून ऐकायचे. तुम्ही तीन सामने फेकलेत. १६ इनिंग, १६ स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक होऊन बाद झालेले फलंदाज), तीनच धावा, आणि वॉक एकही नाही.

वॉक म्हणजे फुकट दिलेली जागा. पिचरने चार चेंडू टप्प्याबाहेर, म्हणजे फलंदाजासमोरच्या ठरलेल्या चौकटीबाहेर, टाकले की फलंदाज बॅट न फिरवता पहिल्या बेसवर चालत जातो. ज्याच्या चेंडूला वेग नाही त्याला टप्प्यात टाकायची भीती वाटणारच, कारण समोरचा तरुण गडी तो चेंडू मैदानाबाहेर भिरकावू शकतो. मग माणूस कडेकडेने टाकत राहतो, आणि फुकटच्या जागा देत सुटतो. कारकिर्दीत तुमच्याइतके होम रन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) दुसऱ्या कोणत्याही पिचरने दिलेले नाहीत, ५२२. मार खाणं काय असतं हे तुमच्याहून जास्त कोणाला ठाऊक असणार? आणि तरी त्या सोळा इनिंगमध्ये तुम्ही एकाही फलंदाजाला फुकट जाऊ दिलं नाहीत. प्रत्येकाला म्हणालात, मार, हा घे.

हे मला मुलाने समजावलं. अकरा वर्षांचा होता. "मॉयरकाका घाबरून बाहेर टाकत नाहीत," असं म्हणून त्याने लाल पेन्सिल उचलली.

ओरिओल्सनी तरीही तुम्हाला वर बोलावलं नाही. मग टोरांटोच्या लास वेगासच्या ट्रिपल-ए संघाकडून दोन सामने झाले, ते चांगले गेले नाहीत, आणि जुलैच्या सुरुवातीला तेही संपलं. मेजर लीगमध्ये तुम्ही पुन्हा दिसला नाहीत. मुलाने विचारलं, "मग आता?" मला उत्तर सुचलं नाही. पिठलं-भात केला, दोघं जेवलो. लास वेगासच्या ओळी त्याने कागदावर लिहिल्या नाहीत, मीही आग्रह केला नाही.

लग्नाआधी मी नाशिकला आठवी ते दहावीला गणित शिकवत असे. इथे आल्यावर ते सुटलं. त्या सप्टेंबरमध्ये मी इथल्या एका शाळेत वर्गशिक्षिकेची मदतनीस म्हणून लागले. शिक्षिका माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, पगार बेताचा, आणि माझ्या इंग्रजीला मुलं पहिले काही दिवस हसायची. अर्ज भरायचा की नाही, यावर मी तीन आठवडे घालवले होते. त्या तीन आठवड्यांत तो कागद फ्रिजवर लावलेला होता, एवढंच सांगते. पुढे परीक्षा दिल्या, आणि आज मी पुन्हा गणितच शिकवते.

२०१५ च्या ऑगस्टमध्ये मरिनर्सनी तुम्हाला त्यांच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं, तेव्हा आम्ही दोघं वरच्या स्वस्त रांगेत होतो. मुलगा चौदा वर्षांचा, बाबाची जुनी टोपी घालून, डोक्याला थोडी मोठी. तुम्ही मैदानावर चालत आलात तेव्हा तो टाळ्या वाजवायचं विसरला. मी त्याच्या वाटच्याही वाजवल्या.

तो आता पंचविशीत आहे. तीन उन्हाळे तो घरातलं माणूस गेलेल्या मुलांच्या शिबिरात स्वयंसेवक म्हणून जातोय. फोटोंच्या फळ्यापाशी कोणी एकटं उभं राहिलं की मी जाऊन शेजारी उभा राहतो, फार बोलत नाही, असं त्याने सांगितलं. कागद सापडल्याचं फोनवर सांगितलं तर त्याने पहिलं विचारलं, "शून्य दिसतात का अजून?" दिसतात. पेन्सिल पुसट झाली आहे, पण दिसतात. कागद आता नव्या घरातल्या फ्रिजवर लावला आहे.

तुम्हाला, कॅरन यांना आणि मुलांना आमच्या घराकडून मनापासून धन्यवाद. कोपराची काळजी घ्या.

कळावे, लोभ असावा.

आपली नम्र,
एका डावखुऱ्या गोलंदाजाची पत्नी
रेडमंड, वॉशिंग्टन