ट्रॅक अंथरण्याआधी

प्रिय मकरंद,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. शाळकरी मुलांच्या 24 संघांची रोबॉटिक्स स्पर्धा भरवायचं ठरवलंस, याचा फार आनंद झाला. बक्षिसं आणि पाहुण्यांबद्दल तू विचारलं आहेस, पण ते कोणीही सांगेल. मी लिहितोय ते ट्रॅक, वीज, उजेड आणि नियमांबद्दल. एक गोष्ट आधीच मनाशी पक्की कर. एखाद्या संघाचा रोबॉट अडला, तर त्याचं कारण त्याच रोबॉटमध्ये सापडलं पाहिजे. ते आपल्या ट्रॅकमध्ये किंवा सभागृहाच्या वायरिंगमध्ये सापडलं, तर रात्री जागून काम केलेल्या मुलांवर तो अन्याय ठरतो, आणि तो आपल्या हातून झालेला असतो.

आधी वेळेचा हिशेब मांड. फेरी 3 मिनिटांची असली तरी रोबॉट ठेवणं, गुण लिहिणं, सही घेणं, मैदान मोकळं करणं धरून प्रत्येक फेरीला 6 मिनिटं जातातच. 24 संघांना तीन-तीन फेऱ्या म्हणजे 72 फेऱ्या, म्हणजे 7 तास 12 मिनिटं. त्यात जेवणाची सुट्टी नाही की एकही वाद नाही. त्यापेक्षा दोन सारखे ट्रॅक कर. प्रत्येक संघ दोन्हीवर एकेकदा धावेल आणि दोन्हींतली चांगली वेळ धरायची. ही प्राथमिक फेरी 2 तास 24 मिनिटांत आटोपते. मग पहिल्या आठ संघांची अंतिम फेरी एकाच ट्रॅकवर घे. प्रत्येक संघाला दोन फेऱ्या मिळाल्याच पाहिजेत, यावर मी हटून बसेन. पहिल्या फेरीत चूक कळते, दुसरीत ती सुधारता येते, आणि मुलं खरं शिकतात ती या दोन्हींच्या मधल्या वेळात.

आता लाइन फॉलोअरचा, म्हणजे काळी रेघ इन्फ्रारेड सेन्सरने ओळखून तिच्यावरून चालणाऱ्या रोबॉटचा, ट्रॅक. काळी इन्सुलेशन टेप वापरायचा मोह होईल. वळणावर ती ताणून चिकटवावी लागते आणि काही तासांत आकसून कडेने सुटते. शिवाय ती चकाकते, आणि चकाकणारा काळा रंगसुद्धा ठरावीक कोनातून इन्फ्रारेड परत पाठवतो. मॅट फ्लेक्सवर छापून घेणं बरं. पण छापतानाही एक खोच आहे. काही काळ्या शाया डोळ्याला गडद दिसतात, पण इन्फ्रारेडला जवळजवळ पारदर्शक असतात, आणि सेन्सरला ती रेघ पांढरीच वाटते. कार्बन असलेल्या काळ्या शाईत ही अडचण येत नाही. म्हणून पूर्ण ट्रॅक छापण्याआधी हातभर नमुना छापून घे आणि त्यावर सेन्सर फिरवून आकडे बघ. आर्डुइनो उनोसारख्या बोर्डवर, म्हणजे रोबॉट चालवणाऱ्या छोट्या संगणकावर, सेन्सरचं वाचन 0 ते 1023 मध्ये येतं. पांढऱ्या आणि काळ्यात काहीशेंचा फरक दिसला पाहिजे. त्याच छपाईचा एकेक तुकडा प्रत्येक संघाला आधी पाठवलास तर फारच उत्तम.

फ्लेक्स गुंडाळलेला येतो आणि त्याचा बाक लवकर जात नाही. आदल्या दिवशीच पसरून ठेव आणि कडा दुहेरी टेपने जमिनीला चिकटव. एवढ्याशा सुरकुतीने काय होतंय, असं वाटेल. पण मुलं सर्रास वापरतात तो टीसीआरटी 5000 हा इन्फ्रारेड सेन्सर पृष्ठभागापासून साधारण अडीच मिलिमीटरवर सर्वांत चांगला चालतो. म्हणजे दोन मिलिमीटरची सुरकुती त्याच्या लेखी डोंगर आहे. पुढचं कॅस्टर चाक, म्हणजे कुठेही वळणारं छोटं आधाराचं चाक, तिच्यावर चढलं की सेन्सर उचलला जातो, वाचन बदलतं आणि नीट चालणारा रोबॉट रेघ सोडतो. खाली प्लायवूड टाकणार असशील तर सांधे बोटाला जाणवणार नाहीत इतके सपाट हवेत. ट्रॅकवर बूट घालून कोणालाही जाऊ देऊ नकोस, आणि दर काही फेऱ्यांनी कोरड्या फडक्याने धूळ पुसून घे. धुळीने चाकांची पकड जाते.

उजेडाचंही तेच. उन्हात आणि हॅलोजनच्या दिव्यात इन्फ्रारेड भरपूर असतं, एलईडी ट्यूबमध्ये जवळजवळ नसतं. सकाळच्या उजेडात सेन्सर जुळवून (कॅलिब्रेट करून) घेतलेला रोबॉट दुपारी खिडकीतून उन्हाची तिरीप आली की भरकटतो, आणि मुलं बिचारी कोडमध्ये चूक शोधत बसतात. जाड पडदे लाव. स्पर्धेच्या आधी एक दिवस सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी ट्रॅकच्या चारही कोपऱ्यांत एकाच सेन्सरने वाचन घे. आकडे हलत असतील तर ट्रॅकची जागा बदल. फ्लॅश मारून फोटो काढायला बंदी ठेव.

विजेचा हिशेब बहुतेक जण करतच नाहीत. लॅपटॉप 65 वॅट, चार्जर 50, सोल्डरिंग आयर्न 35. एका संघाचे दीडशे वॅट झाले. 24 संघांचे 3600 वॅट, म्हणजे 230 व्होल्टला साडेपंधरा अँपिअरच्या वर. 16 अँपिअरच्या एका सर्किटवर हे सगळं टाकलंस तर एमसीबी, म्हणजे भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच, कधीही पडेल. निदान तीन वेगळ्या सर्किटवर भार वाट, आणि कोणता सॉकेट कोणत्या एमसीबीवर आहे ते एकेक बंद करून स्वतः तपास. गुणफलकाचा लॅपटॉप या सगळ्यापासून वेगळा ठेव. सोल्डरिंगसाठी चारच आयर्न असलेलं एक सामाईक टेबल पुरे. भारही कमी होतो आणि भाजण्याचा धोकाही.

लिथियम पॉलिमर बॅटऱ्यांबाबत मात्र कोणाचीही भीड ठेवू नकोस. चार्जिंग फक्त एकाच जागी, फरशीवर किंवा टाइलवर, बॅलन्स मोडमध्ये (सगळे सेल सारखे भरतील अशा), शेजारी कोरड्या वाळूची बादली आणि समोर एक जबाबदार मोठा माणूस. 2200 एमएएचची, म्हणजे 2.2 अँपिअर-तासांची, बॅटरी असेल तर 2.2 अँपिअरपेक्षा जास्त करंट लावायचा नाही. प्रत्येक सेल भरल्यावर 4.2 व्होल्टच्या वर जाता कामा नये. फुगलेली बॅटरी दिसली की ती स्पर्धेबाहेर, मग संघ कितीही गयावया करो. अशा संघासाठी दोन-तीन बॅटऱ्या आपल्याकडे जादा ठेव, म्हणजे नियमही मोडत नाही आणि मूलही बाहेर बसत नाही.

रिमोटवरच्या सॉकरचे, म्हणजे फोनवरून चालवलेल्या रोबॉटांच्या फुटबॉलचे, सामने ठेवणार असशील तर ब्लूटूथचा घोळ ठरलेला. नव्या एचसी-05 या ब्लूटूथ मॉड्यूलचं नाव बहुधा तेच असतं, पिनही बहुधा 1234. दहा संघांनी एकदम फोन काढले की एकाचा फोन दुसऱ्याच्या रोबॉटला जोडला जातो. मॉड्यूलचं नाव आणि पिन संघक्रमांकानुसार बदलणं नियमातच घाल आणि तपासणीत बघ. वायफायवर चालणारे रोबॉट असतील तर 2.4 गिगाहर्ट्झमध्ये 1, 6 आणि 11 हीच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत, ती वाटून दे. मैदानावरचे दोन आणि पुढच्या सामन्याचे दोन, एवढेच रोबॉट चालू राहतील, बाकीच्यांचे बंद.

मदतीच्या टेबलावर एक जाणकार माणूस हवा. तिथे येणाऱ्या तक्रारी ठरलेल्या असतात. "मोटर ओढत नाही" म्हणत येतील, तेव्हा आधी ड्रायव्हर, म्हणजे मोटरला वीज देणारं सर्किट, बघायचा. एल298एन या ड्रायव्हरमध्येच दोनएक व्होल्ट जातात, त्यामुळे 7.4 व्होल्टच्या बॅटरीतले मोटरला साडेपाचच्या आसपासच मिळतात. "रोबॉट उलटा फिरताना बोर्ड रीसेट होतो" म्हणाले, तर मोटर अचानक जास्त करंट ओढते आणि बोर्डचा व्होल्टेज पडतो. बोर्डला वेगळा रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग), सगळ्यांचा ग्राउंड, म्हणजे ऋण तार, एकत्र, पुरवठ्यावर 470 ते 1000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. बहुतेकदा एवढ्याने भागतं. जंपर वायर, फ्यूज, कपॅसिटर, चाकं, स्क्रू सढळ हाताने ठेव. त्या माणसाने कारण दाखवायचं, हात मुलांचेच चालले पाहिजेत.

मापासाठी पट्टी नको. आतून बरोबर 30 सेंटिमीटरची पेटी कर आणि "रोबॉट या पेटीत बसला पाहिजे" एवढंच नियमात लिही. लोंबणाऱ्या वायरी आणि अँटेना त्यातच आल्या. वजन बॅटरीसकट की बॅटरीविना, हेही लिही. पास झालेल्या रोबॉटवर स्टिकर लाव. नंतर ढाच्यात बदल केला तर पुन्हा तपासणी.

वेळ हाताने मोजणार असशील तर दोन स्टॉपवॉच ठेव. माणसाची प्रतिक्रियाच सुमारे 0.2 सेकंदाची असते, त्यामुळे शतांश सेकंदावरून विजेता ठरवू नकोस. अशा वेळी त्या संघांच्या उरलेल्या फेरीची वेळ बघायची, हे नियमात आधीच असू दे. रेघ सोडली म्हणजे नेमकं काय? माझ्या मते रोबॉटचा कोणताही भाग रेघेवर नसेल तेव्हाच. हात लागला तर किती दंड, पुन्हा सुरुवात कुठून, घड्याळ थांबणार का, हे सगळं लिहून काढ. एका संघाने शंका विचारली तर उत्तर सगळ्या संघांना गेलं पाहिजे. स्पर्धेआधी पंधरा दिवस नियम गोठव. फेरी संपताच कर्णधाराची गुणपत्रिकेवर सही घे. तक्रार लेखी आणि पाच मिनिटांच्या आत. मोबाइलवरचा व्हिडिओ पुरावा म्हणून चालणार की नाही, तेही आधीच ठरव. मी म्हणेन, नाही. सगळ्यांकडे तो नसतो.

नियमांचा कच्चा मसुदा आणि सभागृहाचा नकाशा पाठव. खिडक्या कोणत्या दिशेला आहेत आणि वीजफलक कुठे आहे ते त्यावर खुणेने दाखव. ट्रॅकचं चित्र छापायला देण्याआधी मला दाखव, विशेषतः सर्वांत लहान वळणाची त्रिज्या आणि रेघेची रुंदी लिहून.

तुझा,
श्रीकांत