कच्च्या तेलाच्या टाक्यांत गाळ साचूच देऊ नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

खानापूर, निपाणी, चिकोडी या भागातील अनेक तरुण कंत्राटदारांमार्फत तेलशुद्धीकरण प्रकल्पांत कामाला जातात आणि त्यांच्यापैकी काहींच्या वाट्याला कच्च्या तेलाची टाकी आतून साफ करण्याचे काम येते. अपघात झाला की या कामाच्या धोक्यांविषयी लिहिले जाते. पण माणसे उतरवून उपसावा लागेल इतका गाळ टाकीत मुळात साचतोच का, याची चर्चा होत नाही. पश्चिम किनाऱ्यावरील एका प्रकल्पाच्या टँकफार्ममध्ये, म्हणजे तेल साठवण्याच्या टाक्यांच्या आवारात, माझी सारी नोकरी झाली. त्या अनुभवावरून सांगतो, यातील बराचसा गाळ रोजच्या देखभालीने टाळता येतो.

कच्च्या तेलात मेण असते, अस्फाल्टीन नावाचे डांबरट जड घटक असतात, शिवाय खारे पाणी, वाळू आणि गंजही असतो. बेळगावच्या थंडीत बाटलीतले खोबरेल गोठते, तसे तेलाचे तापमान ठरावीक मर्यादेखाली उतरले की मेणाचे स्फटिक सुटून तळाशी बसू लागतात. मुंबई हायचे तेल मेणचट आहे. राजस्थानातील बाडमेरचे तर इतके, की ते गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत नेणारी पाइपलाइन सबंध लांबीभर गरम ठेवावी लागते. ८० मीटर व्यासाच्या टाकीत एक फूट गाळ बसला, तर सुमारे १,५०० घनमीटर जागा वाया जाते. त्याखाली अडकलेले खारे पाणी तळाचा पत्रा खात राहते, आणि थर उंचसखल असेल तर तेलावर तरंगणारे टाकीचे छप्पर तेल उपसल्यावर खाली टेकताना एका बाजूला कलण्याची भीती असते.

यावरचा पहिला उपाय म्हणजे टाकीच्या बाजूला बसवलेले, तेल ढवळत ठेवणारे मिक्सर, आणि सर्वांत जास्त हयगयही तिथेच होते. मिक्सरचे तोंड कायम एकाच दिशेला ठेवले, तर समोरचा पट्टा तेवढा स्वच्छ राहतो आणि दोन्ही बाजूंना ढीग साचतात. म्हणून ज्याचा कोन बदलता येतो, त्याचा कोन ठरलेल्या वेळी डावीउजवीकडे फिरवलाच पाहिजे. प्रत्यक्षात मिक्सरचे मेकॅनिकल सील (फिरत्या दांड्याभोवतून तेल बाहेर येऊ न देणारा भाग) गळू लागते, मिक्सर बंद करून त्यावर टॅग लावला जातो, सुटा भाग मागवला जातो, आणि पंपाला तेल व्यवस्थित मिळत असल्यामुळे पुढे कोणालाच घाई वाटत नाही. त्या काळात बसलेला थर मिक्सर पुन्हा सुरू केला तरी सहसा हलत नाही, कारण त्यातले हलके घटक निघून जाऊन तो घट्ट झालेला असतो. मिक्सरची दुरुस्ती पंपाच्या दुरुस्तीइतकीच तातडीची मानावी आणि प्रत्येक मिक्सर किती तास चालला, हे टाकीच्या रोजच्या डिपच्या (तेलाची पातळी मोजण्याच्या) नोंदीशेजारीच लिहिले जावे, असे माझे आग्रहाचे मत आहे.

दुसरी गोष्ट पाण्याची. जहाजातून तेल उतरल्यावर टाकी काही काळ स्थिर ठेवावी, तळाशी बसलेले पाणी काढावे आणि मगच मिक्सर लावावा. हा क्रम उलटा झाला की पाणी तेलात घुसळले जाऊन असे मिश्रण बनते, की ते सहजासहजी वेगळे होत नाही. ड्रेन व्हॉल्व्ह उघडल्यावर आधी पाणी येते, मग तपकिरी दाट द्रव आणि त्यानंतर तेल. तपकिरी रंग दिसताच जाणता ऑपरेटर व्हॉल्व्ह बारीक करतो, थांबतो आणि पाणी पुन्हा जमले की पुन्हा उघडतो; घाईतला माणूस तिथेच बंद करून पाणी संपल्याची नोंद करून मोकळा होतो.

वेगवेगळ्या देशांतून आलेली तेले एकाच टाकीत घेतानाही सावध राहावे लागते, कारण हलके मेणचट तेल आणि जड डांबरट तेल एकमेकांशी जुळले नाही तर अस्फाल्टीन सुटून खाली बसतात. मिश्रणाचा थेंब गाळणकागदावर टाकला आणि डागाच्या मधोमध काळे कडे उमटले, तर ती जोडी टाळावी. एवढी साधी चाचणी तेल टाकीत घेण्याआधी व्हायलाच हवी. गाळ सुटा ठेवणारी रसायनेही मिळतात, पण मिक्सर बंद असेल तर त्यांवरचा खर्च बहुतांशी फुकट जातो.

एवढे करूनही काही वर्षांनी तपासणीसाठी टाकी उघडावीच लागते. तेव्हा गाळ बोटभर आहे की गुडघाभर, यावर आत जाणाऱ्याचा जीव अवलंबून असतो. गाळ ढवळला की त्यात अडकलेला हायड्रोजन सल्फाइड आणि ज्वलनशील वाफ बाहेर पडते, त्यामुळे सकाळची वायुचाचणी दुपारी लागू पडेलच असे नाही. या वायूला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण १०० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत १०० भाग) आसपास गेले की नाक बधिर होते आणि धोका टळला असे वाटू लागते. उपसलेला गाळ २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतो, म्हणजे त्याच्या विल्हेवाटीचा खर्च वेगळाच.

आपल्या भागातून डिप्लोमा करून ऑपरेटर होणारे तरुण जातात आणि कंत्राटावर गाळ उपसणारेही जातात. पहिल्याने मिक्सर आणि ड्रेनकडे नीट लक्ष दिले, तर दुसऱ्याला टाकीत कमी वेळ राहावे लागते. म्हणून बेळगाव जिल्ह्यातील आयटीआय आणि पॉलिटेक्निकच्या शिक्षकांनी टाकीच्या देखभालीचे हे धडे अभ्यासक्रमात नसले तरी शिकवावेत, आणि ऑक्सिजन १९.५ टक्क्यांपेक्षा कमी असल्यास किंवा मॅनहोलपाशी (टाकीत शिरण्याच्या तोंडाशी) लक्ष ठेवणारा माणूस नसल्यास आत उतरायचे नाही, हे मजूर पाठवणाऱ्या कंत्राटदारांनी गाव सोडण्यापूर्वीच प्रत्येकाला मराठीत किंवा कन्नडमध्ये समजावून सांगावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त टँकफार्म कर्मचारी,
खानापूर, जि. बेळगाव