बदलीचं पत्र आणि सईची शाळा

प्रिय वर्षा,

चार महिने ना पत्र, ना फोन. रागावली असशील, आणि तो हक्क तुझाच आहे. आम्ही बरे आहोत, माझी मान आता पूर्ण फिरते. लिहायचं कारण असं की बदलीचं पत्र आलं. मार्चमध्ये निघायचंय आणि सईचं आयजीसीएसईचं, म्हणजे केंब्रिज मंडळाच्या दहावीचं, पहिलं वर्ष अर्ध्यावर आहे. बाकी सगळे 'नवा देश, मजा आहे' म्हणतायत. तुझ्या पोटात मात्र हे वाचून गोळा आला असणार, म्हणून तुलाच लिहितेय.

धाकट्याचं सोपं आहे. त्याला तिथल्या भाषेच्या शाळेत घालावं असं मनात होतं, पण पोस्टिंग तीनच वर्षांचं. भाषाशिक्षणाचे अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये खेळण्याबोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा फरक मांडला. पहिली साधारण दोन वर्षांत येते, दुसरीला पाच ते सात लागतात. म्हणजे तो मैदानावर पोपटासारखा बोलायला लागेल, विज्ञानाचं पुस्तक वाचताना अडखळेल, आणि तेवढ्यात आम्ही पुन्हा सामान बांधत असू. तो इंग्रजी माध्यमात जाईल. विषय संपला.

सईचा विषय संपत नाही. आयजीसीएसई म्हणजे दोन वर्षांचा एकच अभ्यासक्रम, आणि परीक्षा शेवटी. मधेच शाळा बदलायची तर 'तिथेही केंब्रिजच आहे' एवढ्यावर भागत नाही, हे आता कळतंय. प्रत्येक विषयाचा सिलॅबस कोड जुळवावा लागतो. गणितातच ०५८० हे नेहमीचं गणित, ०६०७ हे 'इंटरनॅशनल' गणित, आणि ०६०६ हे जादा गणित. इंग्रजी साहित्याला नेमलेली पुस्तकं शाळागणिक बदलतात, इतिहासातले कालखंडही. सईने अर्धं पुस्तक वाचून ठेवलंय, तिथे भलतंच चालू असेल तर ती मेहनत वाया. आणि गणितात कोअर (सोपा स्तर) की एक्स्टेंडेड (वरचा स्तर) हे लेखी विचारायचं, कारण कोअरला सी च्या वर श्रेणीच मिळत नाही. नव्या मुलाला 'आधी रुळू दे' म्हणून कोअरमध्ये बसवतात, आणि पालकांना ते निकालाच्या दिवशी कळतं.

दुसरा मार्ग आयबीच्या, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएटच्या शाळेचा. तिथे या वयाला एमवायपी हा माध्यमिक कार्यक्रम असतो, बाहेरची परीक्षा ऐच्छिक, म्हणून मार्चमध्ये आत घेणं त्यांना जड जात नाही. शेवटच्या वर्षी पर्सनल प्रोजेक्ट करावा लागतो, तो ती आवडीने करेल. पण खरी अडचण पुढे आहे, आणि ती प्रवेशाच्या वेळी कुणी आपणहून सांगत नाही. सईला डॉक्टर व्हायचंय. परत येऊन 'नीट' ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा द्यायची तर भौतिक, रसायन, जीव हे तिन्ही विषय लागतात. आयबी डिप्लोमाला, म्हणजे त्यांच्या अकरावी-बारावीला, सहा विषय सहा गटांतून घ्यायचे. कलेच्या गटाऐवजी दुसरं शास्त्र घेता येतं, म्हणजे शास्त्रं दोन. तिसऱ्यासाठी नेहमीच्या चौकटीबाहेरच्या डिप्लोमाची खास परवानगी शाळेला काढावी लागते. ए लेव्हलला, म्हणजे केंब्रिजच्या अकरावी-बारावीला, तिन्ही सरळ घेता येतात. आणि गंमत अशी की पुष्कळ शाळा दहावीपर्यंत आयजीसीएसई चालवतात आणि अकरावीला डिप्लोमावर उडी मारतात. त्यामुळे मी आता प्रत्येक शाळेला पहिला प्रश्न शेवटच्या दोन वर्षांचाच विचारते.

थेट सीबीएसईच्या दहावीत घालावं का, हेही पाहिलं. त्यांची नोंदणी नववीतच होते, दहावीत थेट प्रवेश बदलीसारख्या कारणानेच आणि मंडळाच्या मंजुरीने. तो धोका मी घेणार नाही.

तुला आठवतं, 'इंटरनॅशनल' या पाटीवरून आपलं वाजलं होतं आणि मी दोन दिवस बोलले नव्हते? तुझंच खरं होतं. तो शब्द कुणीही लावू शकतं. मान्यता कुणाची आणि कोणत्या कार्यक्रमाची, ते बघायचं. आयबीची 'कँडिडेट' शाळा म्हणजे अजून मान्यता न मिळालेली, मिळेलच याची हमी नाही. एका शाळेने डिप्लोमाची सरासरी ३६ सांगितली, ४५ पैकी. मी विचारलं, वर्गात किती, बसले किती? कच्च्या मुलांना पूर्ण डिप्लोमाऐवजी सुट्या विषयांना बसवलं की सरासरी आपोआप चढते. उत्तर अजून आलेलं नाही.

पैशाचंही ऐक, तुझ्या भावजयीला उपयोगी पडेल. कंपनी फी देते म्हणते तेव्हा कागदावर फक्त ट्यूशन फी असते. अर्जाची फी, इमारतीसाठीचा निधी, बस, परीक्षा फी, इंग्रजीच्या जादा तासांची फी हे आपल्याच खिशातून, शिवाय काही देशांत त्या भत्त्यावर करही लागतो. शाळेच्या करारात बहुतेकदा सोडण्याची सूचना एक सत्र आधी द्यायची अट असते, नाही दिली तर पूर्ण सत्राची फी जाते. बदली एका महिन्याच्या सूचनेवर आणि शाळा एका सत्राच्या! तो भुर्दंड आम्ही कंपनीच्याच गळ्यात घातला.

कागदपत्रांसाठी तुझ्या बाबांच्या हिरव्या पत्र्याच्या डब्याची रोज आठवण येते. सात शाळांचे दाखले त्यात नीट रचलेले असायचे आणि आपण त्याला 'तुझा हुंडा' म्हणायचो. माझा डबा आता तसाच झालाय: तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं, लसीकरणाची नोंद, शाळा सोडल्याचा दाखला, त्यांची अधिकृत भाषांतरं. अपोस्टिल, म्हणजे कागद खरे असल्याचं सरकारी प्रमाणपत्र, हेग कराराच्या देशांतच चालतं, बाकी ठिकाणी वकिलातीचा शिक्का लागतो, आणि त्यात आठवडे जातात.

तुझी बढती कळली, फार आनंद झाला. आईंचं मोतीबिंदूचं झालं का? आणि निखिलला सांग, मावशी त्याचं चित्र विसरलेली नाही.

आता मुख्य. या सगळ्या हिशेबातून एकच बिनधोक उत्तर निघतं: सईने परीक्षा होईपर्यंत, म्हणजे पुढच्या वर्षीच्या जूनपर्यंत, इथेच राहायचं. मी तिच्यासोबत, हे आणि धाकटा पुढे. कोड, पुस्तकं, शिक्षक, काहीच बदलणार नाही. मग ए लेव्हलची शाळा तिथे ऑगस्टपासून, सगळ्यांबरोबर पहिल्या दिवशी. कागदावर यात कुठेच चूक नाही. पण धाकटा सव्वा वर्ष माझ्याशिवाय राहील, आणि सई म्हणते, 'माझ्यामुळे घर तुटतंय.'

तुला दहावीला मावशीकडे ठेवलं होतं. त्या वर्षाबद्दल तू कधी नीट बोलली नाहीस आणि मी कधी विचारलं नाही. आज विचारते. तेव्हा राग कुणावर होता, आणि तो गेला का? अभ्यास झाला हे मला माहीत आहे, बाकीचं सांग. सईची जागा ठेवायची की नाही हे इथल्या शाळेला २० तारखेला कळवायचंय, त्याआधी लिही.

तुझी,
अलका