डे केअरला येणाऱ्यांच्या घरच्यांनी वाचा, ऊन वाढलंय

नमस्कार मंडळी, लातूरात ऊन लई वाढलंय त्यामुळं सोमवारपासून आज्जी-आजोबांना सकाळी नऊच्या आतच आणून सोडा, दुपारी कुणालाच नेऊ नका, न्यायचं ते साडेपाचनंतर. म्हाताऱ्या माणसाला तहान लागलेली कळतच नाही, म्हणून आपण तासातासाला पाणी, ताक पाजतो, पण ज्यांना किडनीचा किंवा हार्टचा त्रास आहे त्यांना डॉक्टरनी दिवसाला किती पाणी सांगितलंय ते चिठ्ठीवर लिहून द्या.

गोळ्या सुट्ट्या कागदात बांधून देऊ नका बरं का, पाकिटासकट द्या. पुडीत दोन पांढऱ्या गोळ्या निघाल्या की बीपीची कोणती अन् शुगरची कोणती कसं ओळखायचं, आणि उपाशीपोटी शुगरची गोळी गेली तर चक्कर येऊन माणूस पडतो. ज्यांना विसरायला होतं त्यांच्या खिशात घरचा नंबर असूच द्या.

दिव्यांग सदस्यांचं यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढायचं राहिलं असेल तर आधार अन् फोटो घेऊन या, फॉर्म ऑनलाइन भरून देऊ. ज्येष्ठांसाठी सरकारी हेल्पलाइन 14567 आहे, फुकट आहे, नंबर सेव्ह करून ठेवा. आणि येणार नसाल तर आदल्या रात्री कळवत जा, स्वयंपाक त्या हिशोबानं होतो.