अक्षरं जुळत नाहीत म्हणून नातंच नाही असं नसतं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी गोव्यात पेडण्याला फार्मसी चालवतो. माझी मुलगी बायोटेकमध्ये एमएस्सी करते, मागच्या महिन्यात सेमिनारला तिने पेशीच्या आवरणात बसणाऱ्या दोन प्रोटीनांचे आकार एकमेकांवर ठेवून दाखवले, आणि परीक्षकांनी तिला मध्येच थांबवलं की अगं यांच्या अमिनो आम्लांचा क्रम जुळतच नाही, मग तुलना कसली करतेस. (प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची माळ, एकेका आम्लाला एकेक अक्षर देऊन तिचा क्रम लिहितात.) त्या रात्री पोर जेवली नाही. मला तेव्हा विषय धड कळतही नव्हता, पण तिच्याकडून दोन-तीन रात्री बसून समजून घेतला आणि वाटलं की यावर जाहीर लिहायलाच हवं.

दोन्ही प्रोटीनं हमालाचं काम करणारी. पेशीबाहेर सोडियम जास्त, आत कमी, म्हणून सोडियम आत घुसायला बघतो आणि त्याच्या जोरावर ही प्रोटीनं आपला माल आत ओढतात. एकाचं नाव ल्यूटी, अतिशय गरम पाण्यात राहणाऱ्या एका बॅक्टेरियाचं, ते ल्यूसीन नावाचं अमिनो आम्ल आत घेतं, त्याची रचना, म्हणजे माळेची घडी कशी पडते तो आकार, 2005 साली मिळाली. दुसरं व्हीएसजीएलटी, साखर ओढणारं, त्याची रचना 2008 ची. हे दुसरं ज्या बॅक्टेरियाचं ना, तो व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस, म्हणजे समुद्रात राहणारा, कालवं-तिसऱ्या अर्धकच्च्या खाल्ल्या की पोट बिघडवणाऱ्यांतला एक.

आता लॅपटॉपवर काय दिसलं ते सांगतो. ल्यूटी निळं, साखरवालं केशरी. पहिल्यांदा तिने दोन्ही सरळ नंबराप्रमाणे जुळवली, पहिल्या हेलिक्सवर (म्हणजे माळेच्या स्प्रिंगसारख्या पिळावर) पहिली, दुसरीवर दुसरी, तर सगळा गुंता. का, तर ल्यूटीत आवरणाच्या आरपार जाणाऱ्या हेलिक्स 12 आणि दुसऱ्यात 14, आणि त्या दुसऱ्यात एक जादा हेलिक्स अगदी सुरुवातीलाच आहे. ती सोडली, मागच्या जादाच्या सोडल्या, आणि दोघांतल्या फक्त गाभ्यातल्या 10 घेतल्या तर निळ्यावर केशरी असं बसलं की मी खुर्ची पुढे ओढली. मग ती म्हणाली, बाबा हात बघा. उजवा हात बोटं वर करून, डावा बोटं खाली करून, दोन्ही एकमेकांत अडकवले. पाच हेलिक्स एका बाजूने, पुढच्या पाच त्याच घडणीच्या पण उलट्या, हे दोन्ही प्रोटीनांत सारखंच. पहिली आणि सहावी हेलिक्स मध्येच तुटल्यासारखी, पीळ सुटलेली, आणि माल धरायची जागा नेमकी तिथेच, तीही दोघांत. एवढं सगळं जुळत असताना अक्षरं जुळत नाहीत म्हणून तुलनाच नको म्हणणं हे मला पटत नाही. क्रम लवकर बदलत जातो, घडण त्यामानाने फार टिकते, आणि दूरचं नातं शोधायचं तर घडणीकडेच बघावं लागतं.

पण नुसतं बसवून भागत नाही हेही तिनेच सांगितलं. ल्यूटीचा तो आकार बाहेरच्या बाजूने माल घेऊन मिटलेला, साखरवाल्याचा आतल्या बाजूला कललेला. म्हणजे दोघांत जो फरक दिसतो त्यातला बराचसा जातीचा नव्हे, कामाच्या वेळेचा आहे, एक हमाल पोतं उचलताना आणि दुसरा ते खाली ठेवताना बघितल्यासारखं. हे नक्की कशावरून, तर याच घडणीचं एमएचपी1 म्हणून तिसरं प्रोटीन आहे, त्या एकाच प्रोटीनाच्या बाहेर उघडं, मिटलेलं आणि आत उघडं अशा तिन्ही अवस्था 2010 पर्यंत हातात आल्या.

यात माझ्या दुकानाचा संबंध काय म्हणाल तर सांगतो. 2023 साली आलेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, पाहणीत मधुमेहात गोवा देशात सगळ्यात पुढे होता, 26.4 टक्के. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या मी रोज देतो, आणि गिऱ्हाईक घाबरून विचारतं, लघवीत साखर दिसते म्हणजे आजार वाढला काय हो? तर नाही, मूत्रपिंडात साखर परत रक्तात ओढणारं एसजीएलटी2 हे प्रोटीन, वरच्या व्हीएसजीएलटीचंच माणसातलं नातलग, ही गोळी अडवते, म्हणून ती साखर बाहेर जाते. आतड्यातलं एसजीएलटी1 त्याचंच भावंड, दोघांचा क्रम सुमारे 59 टक्के सारखा, आणि जुलाब झाल्यावर साखर-मिठाचं पाणी लागू पडतं ते त्याच्यामुळेच. आतड्यातलं जास्त अडवलं गेलं तर उलट जुलाबच लागायचे, म्हणून औषध नेमकं एकालाच कसं पकडतं हे बघायला दोन्ही आकार शेजारी ठेवावेच लागतात. आणि माणसाच्या एसजीएलटीची रचना मिळायच्या कितीतरी आधी अभ्यासाला आधार होता तो त्या समुद्रातल्या बॅक्टेरियाच्या प्रोटीनाचा.

परीक्षकांच्या बाजूनेही एक गोष्ट खरी आहे, दिसायला सारखं म्हणजे नातं असंही नसतं. मिठागरात पाणी आटत आलं की कधी गुलाबी दिसतं ना, तसल्या खारट पाण्यातल्या सूक्ष्मजीवांत बॅक्टेरिओऱ्होडॉप्सिन असतं आणि आपल्या डोळ्यात ऱ्होडॉप्सिन, दोन्ही उजेड टिपणारी प्रोटीनं. दोघांत सात हेलिक्स, दोघांत रेटिनल, म्हणजे उजेड टिपणारा छोटा रेणू, सातव्या हेलिक्सला चिकटलेलं, तरीही क्रम जुळत नाही, हेलिक्सची मांडणीही तंतोतंत तशी नाही, आणि दोघांचा पूर्वज एकच की दोघं वेगळ्या वाटेने तिथे पोचले यावर वाद आहे. पण हा वादसुद्धा आकार शेजारी ठेवल्याशिवाय घालता येत नाही!

माझं म्हणणं एवढंच की आपल्या कॉलेजांनी हे बीएस्सीच्या प्रॅक्टिकलला घ्यावं. खर्च काहीच नाही, प्रोटीन डेटा बँक, म्हणजे प्रोटीनांच्या रचनांचा इंटरनेटवरचा साठा, 1971 साली 7 रचनांवर सुरू झाली, आज दोन लाखांच्या वर आहेत आणि सगळ्या फुकट, मोबाईलवरसुद्धा उघडतात. तुमच्या रविवारच्या पुरवणीत अर्धं पान मिळालं तर मुलीने केलेली निळी-केशरी चित्रं मराठी नावं घालून पाठवतो, ती तयारच आहेत.

आपला,
एक फार्मसिस्ट वाचक, पेडणे