उद्योगमंत्र्यांना खुले पत्र: एआयसाठी अनुदान द्याच, पण आधी नोंदींसाठी द्या

मा. उद्योगमंत्री महोदय,

सप्रेम नमस्कार.

लहान कारखान्यांना स्टॉक आणि खरेदीची सॉफ्टवेअर बसवून देणे हा माझा व्यवसाय. उद्योगांनी एआय वापरावे आणि सरकारने त्यासाठी हात द्यावा, हे मला मनापासून पटते. प्रश्न आहे तो पैसा कुठे लावायचा याचा. योजना आखायची म्हटले की सबस्क्रिप्शनवर अनुदान द्यायचा विचार सगळ्यात आधी सुचतो, कारण ते मोजायला सोपे असते. पण जे साधन प्रतिस्पर्ध्यालाही त्याच दरात मिळते, त्याच्या जोरावर कोणी पुढे कसा जाणार?

एक उदाहरण देतो. ६२०५ हे सर्रास लागणारे बॉल बेअरिंग: आतला व्यास २५ मिमी, बाहेरचा ५२, रुंदी १५. स्टॉकच्या यादीत ते 'बेअरिंग ६२०५', 'बॉल बेअरिंग २५ मिमी' आणि '६२०५ झेडझेड' अशा तीन नावांनी सापडते. पहिले नाव खरेदी विभागाचे, दुसरे गोदामातल्या माणसाचे, तिसरे पुरवठादाराच्या बिलावरून जसेच्या तसे उतरवलेले. त्यातही झेडझेड म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचे आवरण. रबरी सीलवाल्याच्या जागी ते कोणत्या मशीनवर चालते आणि कोणत्या मशीनवर चालत नाही, हे मेंटेनन्समधल्या जुन्या फिटरला तोंडपाठ असते, लिहिलेले मात्र कुठेच नसते. अशा यादीवर मागणीचा अंदाज बांधणारे एआय चालवले की ते या तीन वेगळ्या वस्तू समजते. एकीचा खप घटला म्हणते, दुसरीची ऑर्डर द्यायला सांगते. माल एका नावाने गोदामात पडून असतो आणि दुसऱ्या नावाचा स्टॉक शून्य दिसतो म्हणून मशीन उभे राहते. महिनाभरात मालक ते सॉफ्टवेअर बंद करून टाकतो. त्याला मी दोष देणार नाही.

उलट जिथे नोंदी जपलेल्या असतात तिथे काय होते, तेही पाहा. अर्थतज्ज्ञ एरिक ब्रिन्योल्फसन आणि सहकाऱ्यांनी ५,००० हून अधिक ग्राहकसेवा कर्मचाऱ्यांचा अभ्यास २०२३ मध्ये मांडला. एआयची साथ मिळाल्यावर दर तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. नवख्यांमध्ये ही वाढ एक तृतीयांशाच्या घरात होती, मुरलेल्यांमध्ये जवळजवळ नव्हतीच. त्या साधनाने कंपनीच्याच जुन्या संभाषणांतून उत्तम कर्मचाऱ्यांची पद्धत उचलली होती आणि ती नवख्यांच्या हाती दिली होती. ही संभाषणे साठवलेली होती, म्हणून हे जमले. आमच्या फिटरचे ज्ञान तर त्याच्याबरोबर निवृत्त होते.

म्हणून माझी मुख्य मागणी अशी: अनुदानाचा पहिला हप्ता माणसांच्या वेळेसाठी द्या. वस्तूंची यादी एकसारखी करणे, दुरुस्तीच्या नोंदी लिहून काढणे, फिटरसोबत बसून त्याला विचारून घेणे, हे काम कारखान्यातल्याच जाणत्या माणसाला करावे लागते. बाहेरचा सल्लागार ते करू शकत नाही. पण त्या माणसाला काही आठवडे रोजच्या कामातून मोकळे करणे लहान मालकाला झेपत नाही. तेवढा पगार योजनेने उचलावा. लायसन्सचे पैसे त्यानंतर, यादी तपासून द्यावेत.

जबाबदारीचा प्रश्नही आहेच. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने प्रवाशाला सवलतीबद्दल चुकीची माहिती दिली, तेव्हा २०२४ मध्ये तिथल्या न्यायाधिकरणाने कंपनीलाच भरपाई द्यायला लावली. ते योग्यच झाले. मात्र मोठ्या कंपनीकडे करार वाचायला वकील असतात, दहा माणसांच्या कारखान्याकडे नसतात. चूक झाली तर विक्रेत्याने किती भार उचलायचा, याचा नमुना करार आपल्या विभागाने तयार करून द्यावा.

आणि अनुदान घेणाऱ्या प्रत्येक विक्रेत्याला एक अट घाला. करार संपला की स्वच्छ केलेली यादी आणि सगळ्या जुन्या नोंदी, दुसऱ्या कोणत्याही सॉफ्टवेअरमध्ये उघडतील अशा स्वरूपात, त्याने कारखान्याला विनामूल्य परत केल्या पाहिजेत. आज अनेक मालक केवळ नोंदी अडकल्यात म्हणून नको असलेले सॉफ्टवेअर वापरत राहतात. ही अट योजनेच्या अर्जातच छापावी, अशी विनंती.

आपला विश्वासू,
लघुउद्योगांसाठी काम करणारा एक सॉफ्टवेअर व्यावसायिक