केबल सोडायला लावलीत, आता छत्री परत घ्या

दापोली तालुका, जि. रत्नागिरी
दिनांक : 4 ऑगस्ट 2025

प्रति,
नोडल अधिकारी,
ग्राहक तक्रार निवारण विभाग

विषय : अर्धवट माहिती देऊन डिश (छत्री) टीव्हीची जोडणी विकल्याबद्दल, आणि उरलेल्या पॅकचे व बॉक्सचे पैसे परत मिळण्याबद्दल

महोदय,

तुमच्या कस्टमर केअरकडे नोंदवलेली माझी तक्रार 'निराकरण झाले आहे' असा मेसेज पाठवून बंद करण्यात आली. आमच्या टीव्हीवर तेव्हाही 'सिग्नल उपलब्ध नाही' हीच पाटी होती. त्यामुळे आता थेट तुम्हाला लिहिते आहे.

मे महिन्याच्या अखेरीस तुमचा विक्री प्रतिनिधी आमच्या वाडीत आला. त्याच्याकडे रंगीत पत्रक होतं, त्यात दोन रकाने. डावीकडे केबल, उजवीकडे तुमची सेवा. केबलच्या रकान्यात सगळ्या फुल्या : वायर तुटते, वीज गेली की बंद, चित्र खराब, बोलावलं तरी माणूस येत नाही. तुमच्या रकान्यात सगळीकडे बरोबरच्या खुणा आणि खाली ठळक अक्षरांत 'बाराही महिने अखंड मनोरंजन'. पत्रकाची प्रत सोबत जोडली आहे.

केबलबद्दल त्यात लिहिलेलं सगळंच खोटं होतं असं मी म्हणणार नाही. आमच्याकडे केबलची वायर महावितरणच्या खांबांवरून येते. फांदी पडली की तुटते. आमच्या घरात इन्व्हर्टर आहे, पण नाक्यावरच्या केबलच्या पेटीतली बॅटरी संपली की त्याचा काही उपयोग नसतो. जून 2020 मध्ये निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा खांबच आडवे झाले होते, मग वायरीची काय कथा. म्हणूनच दुसरा पर्याय समोर आल्यावर आम्ही ऐकून घेतलं.

तरी कोकणातल्या माणसाला जो प्रश्न पडेल तो मी विचारलाच. जुलैतल्या पावसात चालेल का? "काकू, आता नवीन टेक्नॉलॉजी आहे. फार तर मिनिटभर चित्र अडकेल," हे त्याचं उत्तर. या उत्तरावर आम्ही केबल बंद केली, बॉक्स विकत घेतला आणि सहा महिन्यांचा पॅक आगाऊ भरला. बॉक्स विकत हवा की भाड्याने, हे त्याने विचारलंच नाही.

पुढे काय झालं ते सांगायला नको खरं तर. जूनमध्ये पाऊस लागला आणि तेव्हापासून संध्याकाळच्या मालिका आमच्या सासूबाईंना अर्ध्याच बघायला मिळतात. त्यांचं वय ऐंशीच्या पुढे. आमच्याकडे सर बारीक पडत नाही, ती तासतासभर कोसळते, आणि तेवढा वेळ पडदा निळा. सर ओसरली तरी चित्र लगेच येतंच असं नाही, बॉक्स बंद करून पुन्हा चालू करावा लागतो. कस्टमर केअरची मुलगी हिंदीतून सांगते की हवामानामुळे आहे, पाऊस थांबल्यावर येईल. मग बाराही महिने म्हणजे नेमके कुठले महिने? आमच्या पंचांगात आषाढ-श्रावण पण आहेत.

शेवटी तुमचा तंत्रज्ञ आला. भेटीचे पैसे त्याने पावती देऊन घेतले. त्या मुलाबद्दल माझी काहीही तक्रार नाही, उलट खरं बोलणारा तुमच्याकडचा तोच पहिला माणूस. त्याने अंगणात उभं राहून मला समजावलं. तुमचा सिग्नल केयू बँडवर, म्हणजे जास्त वारंवारतेच्या लहरींवर येतो. उपग्रह विषुववृत्ताच्या वर 36,000 किलोमीटरवर आहे, तिथपासून काही अडचण नसते, पण शेवटच्या काही किलोमीटरमधला दाट पाऊस या बँडच्या लहरी शोषून घेतो. छत्री मोठी असेल तर थोडा फरक पडतो, पण घरगुती जोडणीला बहुतेक ठिकाणी एकाच मापाची बसवतात. मी म्हटलं, मग केबलवाल्याकडेही वाहिन्या उपग्रहावरूनच येतात ना? तो म्हणाला, येतात, पण त्यांच्या मुख्य केंद्रात मोठाल्या छत्र्या असतात आणि वाहिन्या बहुतेक सी बँडवर, म्हणजे कमी वारंवारतेच्या, सुमारे 4 गिगाहर्ट्झच्या लहरींवर उतरवतात. त्या लहरींना पावसाचा त्रास फार कमी. पुढे फायबर, तिथे पावसाचा संबंधच नाही.

म्हणजे केबल तुटते ती फांदीने आणि विजेने, तुमची सेवा जाते ती नुसत्या पावसाने. फांदी रोज पडत नाही. पाऊस आमच्याकडे चार महिने असतो. दोन्हींतलं कुठलं घ्यायचं हे ठरवायला एवढी एक गोष्ट पुरेशी होती. तुमच्या तंत्रज्ञाला ती तोंडपाठ आहे आणि तुमच्या पत्रकात तिचा मागमूस नाही.

दुसरी गोष्टही त्यानेच दाखवली. छत्री आग्नेयेकडे तोंड करून बसवली आहे आणि बरोबर त्या रेषेत आमचा फणस आहे. मे महिन्यात बसवणाऱ्याने मीटर लावून सिग्नल बघितला, फांद्यांमधून मिळत होता, म्हणून पाइप तिथेच रोवला. पावसात नवी पालवी आली, पानं ओली झाली, आणि उघडीप असतानाही चित्र फुटायला लागलं. कौलारू घरावर छत्री बसत नाही, अंगणात मोकळी जागा दुसरीकडे होती, पण तिकडे वायर जास्त लागली असती. उपाय काय विचारल्यावर तुमच्या कार्यालयातून फोनवर उत्तर आलं, "मॅडम, झाड कटवून घ्या." फणस माझ्या सासऱ्यांनी लावलेला आहे. तो तुमच्या पॅकसाठी तोडला जाणार नाही, हे लेखी नोंदवून घ्यावं.

आता पैशांचं. पत्रकात महिन्याचा जो दर छापला आहे तो फक्त वाहिन्यांचा आहे. नेटवर्क कपॅसिटी फी, म्हणजे वाहिन्या घरापर्यंत पोचवण्याचं मूळ मासिक शुल्क, आणि 18 टक्के जीएसटी त्यात धरलेला नाही. केबलच्या बाजूला मात्र सगळं धरून येणारा आकडा छापलाय. ट्रायचे (दूरसंचार नियामक प्राधिकरणाचे) नवे नियम फेब्रुवारी 2019 मध्ये लागू झाले तेव्हा 100 वाहिन्यांना ही फी जास्तीत जास्त 130 रुपये होती, जीएसटीसह 153 रुपये 40 पैसे. मार्च 2020 पासून तेवढ्याच पैशात 200 वाहिन्या द्यायच्या असं ठरलं. जुलै 2024 मध्ये ट्रायने ती मर्यादाच काढून टाकली. फी किती लावायची ते तुम्ही ठरवा, पण ती जाहीर करा, असा त्याचा अर्थ. तुम्ही जाहीर केलीत ती रिचार्ज कापला गेल्यावर. एका बाजूला कर आणि फी धरायची, दुसऱ्या बाजूला धरायची नाही, आणि वर त्याला तुलना म्हणायचं!

शेजारच्या घरात दूरदर्शनची फ्री डिश आहे. तीही केयू बँडवरच आहे, त्यामुळे आमचा टीव्ही जातो तेव्हा त्यांचाही जातो, हे मी मुद्दाम जाऊन पाहिलं. पण त्यांना दर महिन्याला काही भरावं लागत नाही. सह्याद्री वाहिनी आणि बातम्या त्यांना फुकट दिसतात. पाऊस लागला की त्यांनी आणि आम्ही दोघांनी निळा पडदाच बघायचा असेल, तर आमच्या पैशांच्या बदल्यात तुम्ही नेमकं काय देता?

यानंतर मी जोडणी बंद करून पैसे परत मागितले, तर सांगण्यात आलं की सहा महिन्यांच्या पॅकचे पैसे परत मिळत नाहीत. बॉक्स विकत घेतलेला असल्यामुळे तो 'तुमचाच आहे'. माझा आहे, पण तुमच्या सेवेशिवाय कुठेच चालत नाही. केबलला चालत नाही, दुसऱ्या कंपनीच्या छत्रीलाही चालत नाही. कुठल्याही सेवेला चालतील असे बॉक्स असावेत, अशी शिफारस ट्रायने एप्रिल 2020 मध्ये केली होती. शिफारस कागदावर आहे आणि बॉक्स आमच्या कपाटावर. केबलवाल्याने परत जोडणी द्यायची तयारी दाखवली आहे, पण वायर आणि बॉक्स नवा, म्हणजे तो खर्चही आमच्याच डोक्यावर. केबल सोडून जाताना हे कोणी सांगत नाही की परत यायला किती पडेल.

माझ्या मागण्या साध्या आहेत. पॅकच्या न वापरलेल्या महिन्यांचे पैसे आणि तंत्रज्ञाच्या भेटीचे घेतलेले पैसे परत करावेत. बॉक्स आणि छत्री परत घेऊन त्यांची किंमत द्यावी. वापरले ते महिने वजा करायला माझी हरकत नाही. आणि ते पत्रक कोकणात वाटणं थांबवावं, किंवा मुसळधार पावसात सेवा खंडित होते हे त्यावर त्याच ठळक अक्षरांत छापावं. तिसऱ्या मागणीत माझा काही फायदा नाही, पण तुमचा प्रतिनिधी सध्या हर्णैच्या बाजूला फिरतो आहे असं कळतं.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि नंतर रत्नागिरीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या दिलेली आहे, तुमचं पत्रक तिच्याशेजारी ठेवून बघावं. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला आयोगात शुल्क नाही, त्यामुळे मला अडचण नाही.

उत्तर मराठीतून द्यावं, सासूबाईंनाही वाचायचं आहे. छत्री काढायला माणूस पाठवणार असाल तर गणपतीच्या आत पाठवा. चाकरमानी आले की अंगणात मांडव पडतो, मग शिडी लावायला जागा उरत नाही.

आपली ग्राहक

(नाव, पत्ता व ग्राहक क्रमांक वेगळ्या पानावर)

सोबत : पत्रकाची प्रत, बॉक्सची व रिचार्जची पावती, तंत्रज्ञाच्या भेटीची पावती, फणस आणि छत्री एका चौकटीत दिसणारा फोटो